टर्म कोणाची भरली नाहीं?

ज्या पुरुषानें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, ज्यानें दिवसा खराट्यानें गांव झाडून काढावें आणि रात्रीं त्याच गांवांत कीर्तनाला उभें राहून पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविण्याविषयीं लोकांना विनवावें, त्या गाडगेबाबांचें नांव आज वऱ्हाडच्या विद्यापीठाला आहे. १ मे १९८३ रोजीं हें विद्यापीठ अमरावतीस निघालें. त्यापूर्वीं, १९२३ पासून, आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील मुलाला पदवीसाठीं नागपूरकडे तोंड करून बसावें लागे. विद्यापीठाला बाबांचें नांव देण्याची बुद्धि ज्यांना झाली त्यांचें कौतुकच केलें पाहिजे. आमची तक्रार एवढीच, कीं नांव देतांना ज्या माणसाची आठवण झाली, त्याची आठवण आपल्या देशांतील विद्यापीठांचे नियम करणारांना, मग ते दिल्लीस असोत कीं येथें, क्वचितच होते.

या लेखाला निमित्त एका पत्राचें झालें. चिखली तालुक्यांतील एका ओळखीच्या शेतकरी कुटुंबांतला तरुण पंधरवड्यापूर्वीं तें पत्र घेऊन आमच्याकडे आला. एम्. ए. ला चांगले गुण, नेटची परीक्षा उत्तीर्ण. पोटासाठीं एका महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवितो आणि खामगांवच्या कापसाच्या पेठेवर प्रबंध लिहितो. त्याची नोंदणी कोणत्या विद्यापीठांत आहे हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. ही गोष्ट कोठेंहि घडूं शकते. पत्र दोन ओळींचें होतें. नोंदणीस सहा वर्षें पूर्ण झालीं, सबब ती रद्द समजावी. पुढें काम करावयाचें असल्यास फेरनोंदणीचा अर्ज व शुल्क भरावें. झालें होतें असें, कीं चौथ्या वर्षीं त्याचे मार्गदर्शक प्राध्यापक सेवानिवृत्त झाले. दुसरा मार्गदर्शक मिळावा म्हणून त्यानें केलेला अर्ज कचेरींत अकरा महिने पडून होता. त्या अकरा महिन्यांत त्याला प्रगतीचा सहामाही अहवाल देतां आला नाहीं, कारण अहवालावर मार्गदर्शकाची सही लागते, आणि मार्गदर्शक तर विद्यापीठानें अजून दिलेलाच नव्हता. मुदतीच्या हिशेबांत मात्र ते अकरा महिने धरलेले होते. "काका," तो म्हणाला, "ते अकरा महिने मी कोणाच्या खात्यावर लिहूं?" आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें शोधावें असा विचार आहे.

'टर्म मिळणें', 'टर्म जाणें' हे शब्द आपल्याकडे घरोघर माहीत आहेत, ए. टी. के. टी. हीं चार अक्षरें तर ज्या आजीबाईंना इंग्रजीचा गंध नाहीं त्यांनाहि आतां कळतात. शब्द मूळचा विलायती. लंडनच्या बॅरिस्टरीच्या संस्थांत टर्म भरणें म्हणजे ठराविक रात्रीं संस्थेच्या भोजनगृहांत जाऊन जेवणें. १८८८ ते १८९१ या काळांत गांधीजी बॅरिस्टर झाले ते अशा बारा टर्म जेवून, आणि जेवल्यानें कायदा कसा येतो हें कोडें त्यांनाहि सुटलें नव्हतें. मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं लंडनच्या नमुन्यावर निघालें तेव्हां हा शब्दहि बरोबर आला. जेवणें तिकडेच राहिलीं, इकडे हजेरीपट आला. आज पदव्युत्तर विद्यार्थ्याला आपलें स्थान टिकवावयाचें तर बहुतेक ठिकाणीं शेकडा ७५ हजेरी हवी, पुढच्या वर्षांत जाण्यापूर्वीं मागच्या विषयांपैकीं ठरलेले विषय सुटले पाहिजेत, आणि पुढें संशोधन करावयाचें तर एम्. ए. ला शेकडा ५५ गुण हवेत. पीएच्. डी. ला प्रवेश मिळाला म्हणजे पूर्वअभ्यासक्रमांत पुन्हां ५५, दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढें प्रगतीचें निवेदन, आणि कमींत कमी तीन व जास्तींत जास्त सहा वर्षांत प्रबंध. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ७ नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनीं फेरनोंदणीचीं दोन वर्षें वर दिलीं आहेत. स्त्रियांना व अपंगांना आणखी दोन.

नियम असूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. वसतिगृहाची खोली अडवून बसणारे, शिष्यवृत्तीचा हप्ता आला कीं दिसणारे आणि एरवीं न दिसणारे, दुसऱ्याचा प्रबंध उचलून आपलें नांव वर छापणारे आम्हीं पाहिले आहेत. ज्या जागेवर एक आळशी बसतो ती जागा दुसऱ्या उद्योगी मुलाची असते. तेव्हां नियम हवा, हें निर्विवाद. पण जो नियम दोघांमधील करार आहे, त्यानें एकालाच बांधावें आणि दुसऱ्याला मोकळें सोडावें, हें कोणत्या न्यायांत बसतें?

आमच्या जिल्ह्याचेंच उदाहरण घ्या. बुलढाणा शहराला रेल्वे नाहीं. गाडी पकडावयाची तर मलकापूर गांठावें लागतें. अमरावती येथून सुमारें दोनशें किलोमीटर. सिंदखेड राजाच्या मुलाला तर अमरावतीपेक्षां जालना कितीतरी जवळ, पण तें दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दींत. मेहकर, लोणार, मोताळा, जळगांव जामोद या तालुक्यांतील खेड्यांतून येणारा विद्यार्थी सर्वस्वीं एस. टी. वर अवलंबून असतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस. टी. च्या कर्मचाऱ्यांनीं संप पुकारला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेपांच महिने, चालला. त्या काळांत ज्याच्या घरीं मोटारसायकल होती तो वर्गांत दिसला, नव्हती तो दिसला नाहीं. हजेरीपटावर गैरहजेरीची खूण एकाच प्रकारची असते. विद्यार्थी गैरहजर होता कीं गाडी गैरहजर होती, हें नोंदविण्याची सोय त्यांत नाहीं. दर वर्षींचें बोलावयाचें तर सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी नेमकी हिवाळी सत्राच्या ऐन भरांत येते. मजुरीचे दर चढलेले, बाप एकटा, आणि पांढरें झालेलें शेत पावसाच्या एका सरीनें काळें पडावयाचें. अशा वेळीं मुलानें शेत सोडून वर्गांत बसावें असा उपदेश करणें सोपें आहे. २००६ सालीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें ज्या सहा जिल्ह्यांसाठीं पंतप्रधानांना खास मदत जाहीर करावी लागली त्यांत बुलढाणा होता, हें विसरून तो उपदेश करणें त्याहून सोपें आहे.

मार्गदर्शकाची गोष्ट तर अधिकच विचित्र. नियमानें प्राध्यापकाला एका वेळीं आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेतां येतात. मार्गदर्शक कायम नोकरींतलाच हवा, आणि ज्याच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला त्यानें नवा विद्यार्थी घेऊं नये. हे सर्व नियम आपापल्या जागीं शहाणपणाचे आहेत. पण तालुक्याच्या गांवांतील महाविद्यालयांत जाऊन पाहावें: कायम जागा रिकाम्या, आणि शिकविणारे बहुतेक तासिका तत्त्वावरचे. ज्याच्या जिवावर महाविद्यालय चालतें त्याला मार्गदर्शक होतां येत नाहीं, आणि ज्याला होतां येतें तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर. जागा भरणें हें सरकारचें काम, मान्यता देणें हें विद्यापीठाचें काम. पण त्या दोघांनीं न केलेल्या कामाचा काळ विद्यार्थ्याच्या आयुष्यांतून वजा होतो. आमच्या तरुण मित्राचे अकरा महिने गेले ते येथें.

शेकडा ५५ च्या अटीविषयीं थोडें. मागासवर्ग, अपंग इत्यादिकांना ती ५० आहे, तें योग्यच. परंतु नेटच्या नियमांत असें स्पष्ट म्हटलें आहे कीं अपूर्णांक पूर्ण करून धरावयाचा नाहीं. म्हणजे ५४.९ ला ५४.९ च म्हणावयाचें. ज्या उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनीं तपासल्या तर दोन निराळे आंकडे येतात, त्यांच्या बेरजेवर दशांशाची ही सुरी चालवावी, आणि तिनें एका मुलाचें प्राध्यापक होण्याचें दार कायमचें बंद करावें, याला काटेकोरपणा म्हणतात. सोनार गुंजेचा हिशेब करतो तो त्याचा काटा तेवढा बारीक असतो म्हणून. आमचा काटा भुसाराच्या दुकानांतला आहे आणि हिशेब मात्र सोनाराचा.

आतां एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतों. ती सर्वांना माहीत आहे; पण या दृष्टीनें तिच्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. १९१३ सालीं बडोद्याच्या गायकवाडांची शिष्यवृत्ति घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. १९१५ सालीं एम्. ए. झाले, पुढच्या वर्षीं लंडनला येऊन त्यांनीं 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स' आणि ग्रेज इन् या दोन्ही ठिकाणीं नांव घातलें. १९१७ सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि अभ्यास अर्धवट टाकून परत यावें लागलें. जहाजानें पाठविलेलीं पुस्तकें महायुद्धाच्या धामधुमींत समुद्राच्या तळाशीं गेलीं. बडोद्याच्या नोकरींत राहावयास घर मिळेना, म्हणून तीहि सुटली. पुढें सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं हात दिला, तेव्हां १९२० सालीं ते पुन्हां लंडनला पोंचले. तीन वर्षें वर्गांत न दिसलेल्या या विद्यार्थ्याचें नांव तेथें खोडून टाकलें होतें काय? नाहीं. १९१७ सालीं निघतांनाच चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांना मिळालेली होती. १९२१ सालीं एम्. एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनीं एकदां फेरलेखनासाठीं परत केला. तो सुधारून धाडल्यावर १९२३ सालीं डी. एस्सी. मिळाली. आणि कोलंबियाची पीएच्. डी.? ती १९२७ सालीं, म्हणजे त्या विद्यापीठाच्या पायरीवर पहिलें पाऊल टाकल्यापासून चौदा वर्षांनीं. एम्. ए. चीं दोन वर्षें वजा घातलीं तरी बारा उरतात. आमच्या सहाच्या मुदतींत फेरनोंदणीचीं दोन मिळवून आठ केलीं, तरी हा विद्यार्थी केव्हांच 'नोंदणी रद्द' या सदरांत जाऊन पडला असता.

येथें कोणी म्हणेल, सगळेच कांहीं आंबेडकर नसतात. खरें आहे. पण तें १९१७ सालीं कोणाला ठाऊक होतें? त्या वर्षीं लंडनच्या कचेरींतील माणसापुढें जो उभा होता तो पैसे संपलेला, प्रबंध अपुरा राहिलेला एक हिंदी विद्यार्थी होता. त्याच्या कपाळावर पुढचें कांहीं लिहिलेलें नव्हतें. त्या कचेरीनें भविष्य ओळखलें नाहीं; तिनें फक्त विचारलें, कीं हा जातो कां, आणि कारण खरें दिसल्यावर दार लोटून घेतलें, कडी घातली नाहीं. आमचें मागणें एवढेंच आहे. गुणवान माणूस आधीं ओळखावा असें कोणत्याहि कचेरीला सांगतां येत नाहीं. कारण विचारावें असें मात्र सांगतां येतें.

याहून जुनी एक गोष्ट आहे. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर झाले त्यांत महादेव गोविंद रानडे होते. एका निबंधांत त्यांनीं मराठ्यांच्या राज्याची व इंग्रजी राज्याची तुलना केली ती एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांना रुचली नाहीं, आणि रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद झाली. शिक्षा सरळसरळ अन्यायाची होती. पण तिला कारण होतें, तें रानड्यांना ठाऊक होतें, आणि तिला शेवटहि होता. परक्या सरकारच्या एका साहेबाच्या रागाला जी मर्यादा होती ती आमच्या स्वराज्यांतील छापील पत्राला नसावी, हें पाहून खेद होतो.

बरें, विद्यापीठाला स्वतःच्या टर्म आहेत कीं नाहींत? आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६, याप्रमाणें शेवटच्या पेपरापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, आणि कांहीं झालें तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढें जाऊं नये. गेलें तर काय? तर विद्यापीठानें उशिराचीं कारणें देणारा सविस्तर अहवाल कुलपतींकडे पाठवावा. वाचकहो, हीं दोन कलमें शेजारीं ठेवून पाहा. विद्यार्थ्याला उशीर झाला तर त्याचें नांव जातें. विद्यापीठाला उशीर झाला तर तें पत्र लिहितें. २०१७ सालीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा प्रयोग एकदम सर्वत्र लागू केला आणि निकाल महिनोन्महिने रखडले; परदेशीं प्रवेश मिळालेल्या मुलांना गुणपत्रिकेची वाट पाहत बसावें लागलें. त्या वेळीं कुलपतींनीं ऑक्टोबरांत कुलगुरूंना पदावरून दूर केलें, तें विद्यापीठाला झालेल्या उशिराबद्दल कोणाला तरी जाब द्यावा लागल्याचें एक ठळक उदाहरण. एरवीं निकाल उशिरा लागला, पुढच्या सत्राचे आठवडे त्यांत गेले, तरी हजेरीचे शेकडा ७५ कांहीं कमी होत नाहींत.

परदेशांत काय करितात हें सांगितलें कीं आपल्याकडे दोन प्रकारचीं माणसें रागावतात, तरी सांगतों. अमेरिकेच्या विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याची सरासरी चारांपैकीं तीनाच्या खालीं घसरली तर बहुधा त्याला लगेच काढीत नाहींत. एका सत्रापुरतें ताकिदीवर ठेवतात, काय कमी पडलें व काय करावयाचें तें लेखी कळवितात, सल्लागाराला बरोबर बसवितात, आणि त्यावर दाद मागण्याची सोय ठेवतात. तेथील शुल्क ऐकून छातींत धडकी भरते, तेव्हां तेथलें सगळेंच घ्यावें असें नव्हे. शिवाय एवढ्यासाठीं समुद्र ओलांडण्याचेंहि कारण नाहीं. आयोगाच्या ज्या विनियमांत सहा वर्षांची मुदत आहे त्यांतच एक चांगलें कलम आहे. संशोधकाची प्रगति असमाधानकारक वाटली तर सल्लागार समितीनें त्याचीं कारणें नोंदवावीं, सुधारणेचे उपाय सुचवावे, आणि विद्यार्थ्यानें ते केले नाहींत तरच, विशिष्ट कारणें देऊन, नोंदणी रद्द करण्याची शिफारस करावी. म्हणजे जेथें माणसें निर्णय देतात तेथें कारण द्यावें लागतें, आणि जेथें पंचांग निर्णय देतें तेथें लागत नाहीं. एकाच कागदावर हे दोन न्याय कसे राहूं शकतात?

आमचें म्हणणें, हें चांगलें कलम त्या कागदावरील इतर कलमांना वडील मानावें. हजेरी कमी पडली, विषय राहिला, मुदत संपली, कांहींहि होवो. नांव कमी करण्यापूर्वीं विद्यार्थ्याला एकदां समोर बसवून विचारावें, त्याचें उत्तर लिहून घ्यावें, आणि त्या उत्तराला विद्यापीठानें कारणांसह उत्तर द्यावें. मार्गदर्शक नेमण्यास, निकाल लावण्यास, प्रबंध परीक्षकांकडे धाडण्यास विद्यापीठाला जेवढा अवधि ठरलेला असेल त्याच्या पुढचा प्रत्येक दिवस विद्यार्थ्याच्या मुदतींतून वगळावा. आणि हे नियम विद्यार्थ्याला त्याच्या भाषेंत वाचावयास मिळावे. आयोगाचे विनियम राजपत्रांत हिंदी व इंग्रजींत निघतात. घाटाखालच्या एखाद्या खेड्यांतून पहिल्यानेंच एम्. ए. ला आलेल्या मुलीच्या हातांत प्रवेशाच्या दिवशीं चार पानांचा मराठी कागद ठेवावयास कितीसा खर्च येणार आहे? यानें शिस्त ढिली होईल अशी भीति कांहीं प्राध्यापकमित्र बोलून दाखवितात. आम्हांला उलट वाटतें. आज हजेरीपटावर खोट्या सह्या होतात, प्रगतीचे अहवाल मागच्याचीच नक्कल करून पाठवितात, आणि हें सर्वांना माहीत असून चालतें, कारण नियमाला फक्त रकाना भरलेला हवा असतो. समोरासमोर विचारणारा कोणी असला तर लबाडाचीच अडचण पहिली होईल.

तो तरुण परवां पुन्हां येऊन गेला. फेरनोंदणीचा अर्ज त्यानें भरला होता, शुल्कहि भरलें होतें. कापूस विकून आलेल्या पैशांतून, असें त्याच्या बोलण्यावरून समजलें. अर्जाची प्रत आम्हीं पाहावयास मागितली. त्यांत 'विलंबाचें कारण' असा एक रकाना आहे. त्याला दीड ओळीची जागा ठेवलेली आहे. तेथें त्यानें 'वैयक्तिक' असा एकच शब्द लिहिला होता. आम्हीं विचारलें, अरे, मार्गदर्शकाच्या अर्जाचें कां नाहीं लिहिलेंस? तो म्हणाला, "लिहिलें होतें, काका. खिडकीवरच्या साहेबांनीं खोडावयास सांगितलें. तसें लिहिलें तर अर्ज चौकशीला जाईल, म्हणाले, आणि चौकशीला किती महिने लागतील तें सांगतां येत नाहीं."